धर्माच्या रकान्याची किंमत

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



जनगणनेचा प्रगणक दारात येतो तेव्हा "आपला धर्म कोणता?" हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर लिहून घेण्यास काही क्षण पुरतात. बहुधा उत्तर घरातील कर्ता पुरुष देतो. पत्नीचा, वृद्ध आईचा, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचा धर्मही तोच सांगून टाकतो, आणि त्यात कोणासच वावगे वाटत नाही. १ मार्च २०२७ या संदर्भदिनाच्या जनगणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ साली घेतला. तेव्हापासून वादविवाद होतात ते जातीच्या रकान्यावर. त्याच्या शेजारचा धर्माचा रकाना मात्र स्वयंसिद्ध मानला जातो. वस्तुतः या रकान्यात माणूस काय सांगतो हे केवळ त्याच्या श्रद्धेवर ठरत नाही. त्या उत्तरासाठी त्याला काय मोजावे लागते, यावरही ते ठरते. ही किंमत कोण ठरवतो आणि कोणाकडून वसूल करतो, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम शब्दाचा घोळ दूर केला पाहिजे. 'अमुक धर्माचा' असे म्हणताना आपण एकाच शब्दाकडून तीन कामे करून घेतो. एक, माणसाची श्रद्धा. दोन, ज्या समाजात तो जन्मला आणि वाढला तो समाज. आणि तीन, कायद्याने त्याला ज्या वर्गात टाकले तो वर्ग. हे तिन्ही नेहमी जुळतात असे नाही. विनायक दामोदर सावरकर याच जिल्ह्यातील भगूरचे. १९२३ साली त्यांनी हिंदूची जी व्याख्या केली ती पितृभू आणि पुण्यभू यांवर उभी आहे. देवावरील श्रद्धेला तीत आवश्यक स्थान नाही. १९६६ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार अंत्यसंस्कार विद्युतदाहिनीत झाले. दुसऱ्या टोकाला हमीद दलवाई. १९७० साली पुण्यात त्यांनी जी संघटना काढली तिचे नाव 'मुस्लिम सत्यशोधक मंडळ'. धर्मग्रंथाचे प्रामाण्य न मानणाऱ्या या माणसाने 'मुस्लिम' हा शब्द टाकला नाही, कारण ज्या समाजात जन्म झाला त्याच्या सुधारणेची जबाबदारी त्यांना झटकायची नव्हती. ३ मे १९७७ रोजी ते गेले आणि त्यांच्याही इच्छेप्रमाणे त्यांचा देह दफनाऐवजी विद्युतदाहिनीत, धार्मिक विधीविना, ठेवला गेला. या दोघांच्या राजकारणात जमीन-अस्मानाचे अंतर होते आणि त्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तथापि प्रगणकाच्या कागदावर एक हिंदू आणि दुसरा मुसलमान, एवढीच नोंद उरते. श्रद्धेविषयी तो कागद काहीही सांगत नाही.

आता नाशिककडे वळू. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांच्या चिकाटीवर तो काही वर्षे चालला. या सत्याग्रहाचे तर्कशास्त्र साधे होते. सरकारदरबारी आणि सनातन्यांच्या संख्याबळाच्या हिशेबात अस्पृश्यांना हिंदू म्हणून धरले जात होते. सत्याग्रही म्हणत होते की, आम्ही हिंदू असू तर हिंदूचा अधिकार द्या. दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात येवले येथे आंबेडकरांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्म झाला तो आपल्या हाती नव्हता, परंतु हिंदू म्हणून मरणार नाही. जन्माने चिकटलेली ओळख आणि विचारपूर्वक स्वीकारलेली ओळख यांच्यातील सीमारेषा महाराष्ट्रात इतक्या स्पष्टपणे क्वचितच आखली गेली असेल.

येवल्याची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर यांत एकवीस वर्षांचे अंतर आहे. एवढा काळ लाखो माणसे मनाने एका घराबाहेर पडलेली, पण कागदावर त्याच घरात नोंदलेली होती. नागपूरनंतर कागदही बदलला. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आत होती. १९६१ साली ती सुमारे २७ लाख ९० हजारांवर गेली. अवघ्या दहा वर्षांत ओळखीचे असे परिवर्तन जनगणनेच्या इतिहासात विरळाच.

पण याच ठिकाणी किंमत वसूल होऊ लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे, अशी अट होती. १९५६ साली तीत शिखांची भर पडली. जो बौद्ध झाला तो अनुसूचित जातीचा राहिला नाही. म्हणजे त्याच्या गावातील विहीर, त्याचा वाडा, त्याची मजुरी यांत काडीमात्र बदल न होता केंद्राच्या नोकऱ्या, शिष्यवृत्त्या आणि राखीव मतदारसंघ यांवरील त्याचा हक्क मात्र गेला. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या, ही गोष्ट राज्याच्या श्रेयाची आहे. केंद्राची अट मात्र कायम राहिली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, तेव्हा पडीक जमिनीच्या मागणीबरोबर बौद्धांना घटनात्मक सवलती देण्याची मागणीही होती. जमीन आणि ओळख हे दोन प्रश्न त्यांनी एकाच पत्रकावर मांडले, कारण मजुराच्या आयुष्यात ते एकच होते.

त्या काळात घराच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू-महार' असे दुहेरी जिणे असंख्य कुटुंबांच्या वाट्याला आले. आकड्यांतही त्याची खूण दिसते. १९६१ ते १९७१ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे २७ टक्क्यांनी वाढली, बौद्धांची नोंद मात्र सुमारे १७ टक्क्यांनी. पुढील दशकात राज्याची वाढ २४ टक्क्यांहून अधिक, तर बौद्धांची सुमारे २१. १९९० साली केंद्राने आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला. त्यानंतर लगेच झालेल्या १९९१ च्या गणनेत दहा वर्षांतील राज्याची वाढ सुमारे २६ टक्के आणि बौद्धांची सुमारे २८ टक्के आढळली. जन्ममृत्यूचे प्रमाण, स्थलांतर, प्रगणकाची काटेकोर वा ढिली नोंद ही कारणेही अशा आकड्यांमागे असतात. एकाच कारणावर सारा भार टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. तरीसुद्धा किंमत चढी असताना नोंद मागे पडते आणि किंमत उतरताच पुढे सरकते, हा क्रम दुर्लक्षिण्यासारखा नाही.

धर्म न मानणाऱ्यांची कथा याहून जुनी आहे. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर वधूवरांना असे प्रतिज्ञापन करावे लागे की, आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख वा जैन यांपैकी कोणताही धर्म मानीत नाही. आपण काय मानतो हे सांगण्याची सोय नव्हती. काय मानीत नाही याची यादी तेवढी म्हणावी लागे. जातीबाहेर लग्न करू इच्छिणाऱ्या श्रद्धावंतालाही आपली श्रद्धा नाकारावी लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना त्या नकारातून सूट मिळाली, परंतु अशा विवाहाने हिंदू एकत्र कुटुंबातून विभक्त व्हावे लागे. म्हणजे प्रतिज्ञापन गेले आणि त्याच्या जागी मालमत्तेचा प्रश्न आला. १९५४ च्या कायद्याने ते प्रतिज्ञापन सर्वांसाठी संपले.

स्वातंत्र्यानंतर मात्र दुसऱ्या बाजूने गाठ बसली. हिंदू विवाह व वारसा कायदे हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्याबरोबरच जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वा ज्यू नाही अशा सर्वसाधारण माणसासही लागू होतात. म्हणून निरीश्वरवादी माणूस आपल्या मनात काहीही असो, वारसाच्या वेळी हिंदूच ठरतो. २०११ च्या गणनेत आपला धर्म 'नास्तिक' असा शब्दशः नोंदवणारे देशभरात केवळ ३३ हजारांच्या आसपास निघाले. त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, तोही दहा हजारांच्या आत. धर्म न सांगितलेल्यांची संख्या मात्र सुमारे २८ लाख ६७ हजार होती. त्यांच्यापैकी किती जणांनी विचारपूर्वक मौन पाळले आणि किती जणांचा रकाना निष्काळजीपणाने कोरा राहिला, हे त्या आकड्यावरून उमगत नाही. जेथे 'धर्म नाही' हे उत्तर छापीलच नाही, तेथे ते उत्तर देणाऱ्यांची गणती व्हावी तरी कशी?

या नकाराची किंमत नाशिकच्याच एका शिक्षकाने मोजली. शाळेच्या प्रार्थनेला ते इतरांसोबत उभे राहत, परंतु हात जोडीत नसत, कारण त्यांचा देवावर विश्वास नव्हता. हा बेशिस्तपणा ठरवून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी रोखण्यात आली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि अशी सक्ती मूलभूत हक्कांचा भंग करते असे म्हटले. त्यापाठोपाठ सप्टेंबर २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, आपण कोणत्याही धर्माचे नाही असे सांगण्याचा अधिकार घटनेच्या २५ व्या कलमातील सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात अंतर्भूत आहे, आणि कोणासही धर्म सांगण्यास शासन भाग पाडू शकत नाही. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, या दुसऱ्या प्रकरणातील अर्जदार नास्तिक नव्हते. त्यांची येशू ख्रिस्तावर श्रद्धा होती. मात्र आपण कोणत्याही धर्माचे नाही, अशी नोंद त्यांना राजपत्रात हवी होती. श्रद्धा आहे पण धर्म नको, असेही उत्तर प्रामाणिक असू शकते.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. सवलतींसाठी लोक धर्म सांगतात किंवा लपवतात. मग अशा नोंदींना अर्थ काय? हा आक्षेप घेणारा असे गृहीत धरतो की, लबाडी उत्तर देणाऱ्याची आहे. विहिरीवर पाणी नाकारताना गाव धर्म विचारीत नाही. सवलत देताना मात्र सरकार विचारते. तेव्हा अट घालणाऱ्याने प्रथम आपल्या अटीचा विचार करावा. अट टाळता येते याचा पुरावा सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांत आहे. तेथील कोकणा, महादेव कोळी, वारली माणूस वाघदेवाला भजो, पंढरीला जावो वा ख्रिस्ती होवो, त्याची अनुसूचित जमात कायम राहते, कारण त्या यादीस धर्माची अट नाही. वंचना आणि श्रद्धा वेगळ्या काढणे शासनाला जमते, हे यावरून सिद्ध होते. अर्थात आदिवासीला दुसरी उणीव सोसावी लागते. ब्रिटिश काळातील गणनांत त्याच्या धर्माला स्वतंत्र वर्ग होता. आज त्याला 'इतर' मध्ये शब्दाने नाव लिहून द्यावे लागते. २०११ साली सुमारे ४९ लाख ५७ हजार लोकांनी, मुख्यतः झारखंडात, 'सरना' असे आग्रहाने लिहून घेतले. संघटना असेल तर कोऱ्या ओळीतूनही समाज दिसू लागतो.

पुरोगामी मंडळींपैकी काहींचे मत असे की, हा रकानाच काढून टाकावा. त्यामागील भावना समजण्याजोगी आहे. पण रकाना गेल्याने भेद जात नाही, त्याचे मोजमाप तेवढे जाते. अधिक योग्य मार्ग तीन मागण्यांचा आहे. एक, 'धर्म नाही' हे उत्तर इतर उत्तरांच्या बरोबरीने छापले जावे. दोन, अस्पृश्यतेतून आलेल्या वंचनेवरील उपाय धर्माच्या अटीतून मोकळे करावेत; दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान यांचा प्रश्न १९५० पासून लोंबकळतो आहे, आणि त्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमावा लागला, यातच विलंबाची कबुली आहे. आणि तीन, सज्ञान माणसाचा धर्म त्याला किंवा तिलाच विचारावा.

यांतील पहिल्या दोन मागण्यांसाठी सरकारशी भांडावे लागेल. तिसरीचा प्रारंभ कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या घरी व्हायला हरकत नाही. सभेत इहवादावर बोलणाऱ्याने प्रगणक दारात आला की आतल्या माणसांना बाहेर बोलवावे आणि ज्याचे उत्तर त्याला देऊ द्यावे. पत्नीने देवभोळे उत्तर दिले आणि मुलीने कोणतेच दिले नाही, तरी ते जसेच्या तसे लिहिले जावे. येवल्यात ज्या अधिकाराची घोषणा झाली तो एका जातीपुरता वा एका धर्मापुरता नव्हता. जन्माने लादलेले नाव ठेवायचे की टाकायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, असा तो अधिकार होता. तो बजावण्यासाठी कोणालाही नोकरी, शेताचा तुकडा किंवा वेतनश्रेणी गमवावी लागू नये, एवढे पाहणे समाजवादी चळवळीचे काम आहे.