शक्ती कोठे खर्चावी?
(अकलोली येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



कार्यकर्त्याजवळ पैसा नसतो, सत्ताही नसते. असतात वेळ आणि श्रम. तेही उधळले, तर चळवळीचे दुसरे भांडवल उरत नाही.

या बाबतीत जुन्या ठाणे जिल्ह्याचा इतिहास बोलका आहे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे वारली जमले. त्यांच्यावरील अन्यायांची यादी करायची म्हटली असती तर ती संपली नसती. पण किसान सभेच्या शामराव व गोदावरी परुळेकरांनी सारी शक्ती वेठ व लग्नगडीची गुलामी मोडण्यावर आणि बारा आणे रोजावर एकवटली. मागणी प्रत्येकाच्या तोंडी बसली. वेठ नाकारायला कोणत्याही कचेरीची परवानगी लागत नव्हती. झेंडा दुसऱ्या पक्षाचा होता म्हणून समाजवाद्यांनी हा धडा नाकारण्याचे कारण नाही.

आज तानसेच्या खोऱ्यातील आदिवासींपुढील मूळ प्रश्न कसत असलेल्या वनजमिनीचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो हक्क मान्य केला. त्यासाठी मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, छायाचित्रे छापून येतात. दाव्याला जोडायचे पुरावे मात्र अपुरे राहतात. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवणारे किमान दोन पुरावे लागतात. त्यांत गावातील वृद्धांचा लेखी जबाबही चालतो. दावा फेटाळल्यास कारणांसह लेखी कळवणे बंधनकारक आहे आणि अपिलाची मुदत साठ दिवसांची आहे. ती मुदत पुढच्या मोर्चाच्या तयारीत निघून गेली, तर त्या मोर्चाने काय मिळवले?

ही कारकुनी झाली, लढा नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला त्यास स्थगिती मिळाली आणि दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले, याचा खुलासा राज्यांकडे मागितला गेला. ज्या कागदाला कारकुनी म्हणून हिणवले जाते, त्यावर लाखो कुटुंबांची भाकरी टांगलेली होती.

मोर्चा वर्ज्य नाही. अधिकारी दावा दडपून बसला की तो काढावाच लागतो. पण त्या दिवशी मोर्चाच्या हाती घोषणेबरोबर दाव्यांची यादी, पोच आणि तारखा असाव्यात. प्रत्येक पाड्यावर आधी वृद्धांचे जबाब लिहून घ्यावेत; कारण ते साक्षीदार वर्षागणिक कमी होत आहेत.