दुरुस्ती येणाऱ्याचा समुद्र

मंडळी, चिमूरच्या वसंत व्याख्यानमालेत समुद्राचा विषय कशाला, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. बोडीत नाहीतर वैनगंगेत डोंगा ढकलणाऱ्या आपल्या ढिवर बांधवांना मात्र आला नसेल. डोंगा गळायला लागला की काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. माझा आजचा विषय तोच आहे.

1968-69 मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशानं एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीला वळसा घातला. असं करणारा तो पहिला माणूस. त्याची ‘सुहैली’ बोट मुंबईत बांधलेली, सागवानाची. सागवान म्हणताच तुमचे कान टवकारले! पण ते आलापल्लीचं होतं, असं मी काही म्हणणार नाही.

आपल्याकडे हे वेड घेतलं व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी. 1971 च्या युद्धातले वीरचक्र विजेते. निवृत्तीनंतर राहिले कुठं, तर फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत, अवर्षणाच्या मुलखात. जंगल आणि वन्यप्राणी हा त्यांचा दुसरा ध्यास. एका भारतीयानं भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्यानं जगप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांची. पुढे आले नौदलातले कमांडर दिलीप दोंदे. त्यांनी आधी नॉक्स-जॉन्स्टनकडे उमेदवारी केली. मग गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ उभी राहताना ते सोबत होते. बोट 56 फुटी, म्हणजे दीड एसटी गाडीएवढी. 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरं घेऊन 19 मे 2010 ला परतले.

या प्रवासात शौर्य कमी आणि घरकाम फार. बोट सतत कललेली, म्हणून शेगडी झुलती ठेवायची. गोडं पाणी मोजून वापरायचं. झोप तुकड्यातुकड्यांनी. आणि रोज काहीतरी तुटतं. दक्षिण महासागरात मिस्त्री कुठून बोलावणार? बोट बांधताना पाहिलेली असली, तर निदान कुठला बोल्ट कुठं आहे, ते ठाऊक असतं. 2018 मध्ये अशाच जगप्रदक्षिणेवर असलेल्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांची ‘तारिणी’ बोट सुकाणू बिघडल्यामुळे मॉरिशसच्या बंदरात न्यावी लागली. तिथं ते नीट करून त्या 21 मे रोजी गोव्यात पोचल्या.

मासेमारीच्या ट्रॉलरवरही यापेक्षा वेगळं काही नाही, फक्त सत्कार होत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बोट निघते ती बर्फ, डिझेल, शिधा भरून. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, सांगेल तेव्हा जाळं सोडायचं, काही तास ओढायचं, वर घ्यायचं, मासळी निवडून बर्फात टाकायची. तेवढ्यात पुन्हा जाळं सोडायची वेळ. मध्ये मिळेल ती झोप. जाळं खडकात अडकून फाटलं की भर समुद्रात बसून विणायचं. इंजिन बंद पडलं तर डिझेलच्या वासात, डोलत्या बोटीत ते खोलायचं. यातले कितीतरी खलाशी नेपाळचे आहेत. त्यांच्या देशाला समुद्रच नाही!

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. बोटी वर ओढतात, रंग, डागडुजी, इंजिनाची कामं निघतात आणि खलाशी गावी जातात. बोटमालकांना त्या दिवसांत हवा असतो तो इंजिन खोलून पुन्हा जोडू शकणारा माणूस. त्याला पोहता येतं का, हे ते नंतर विचारतात. ट्रॅक्टरची इंजिनं खोलणारी पोरं चिमुरात किती आहेत, ते तुम्हीच मला सांगा.