सरकार म्हणजे नेमकं कोण?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुम्हाला एका इमारतीबद्दल सांगणार आहे. ती इमारत आता उभी नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याच्या राजधानीत, ओक्लाहोमा सिटी नावाच्या शहरात, आल्फ्रेड मरा यांच्या नावाची एक नऊ मजली सरकारी इमारत होती. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी मध्यवर्ती प्रशासकीय इमारत असते ना, तशातलीच. एकाच छपराखाली वेगवेगळी खाती. म्हातारपणीची पेन्शन देणारं एक खातं, त्याला तिकडे सोशल सिक्युरिटी म्हणतात. गृहनिर्माण खातं, शेतकी खातं, लष्कराचं भरती कार्यालय, सरकारी नोकरांची पतपेढी. आणि दुसऱ्या मजल्यावर पाळणाघर.

१९ एप्रिल १९९५, बुधवार. सकाळचे नऊ वाजून दोन मिनिटं झाली होती. कचेऱ्या नुकत्या उघडल्या होत्या, पेन्शनच्या खिडकीशी माणसं आली होती. इमारतीच्या दारात भाड्यानं घेतलेला एक ट्रक उभा होता. त्यात दोन टनांहून जास्त स्फोटक मिश्रण होतं, तेही बहुतेक शेतात टाकायच्या खताचं, अमोनियम नायट्रेटचं. स्फोट झाला आणि इमारतीची रस्त्याकडची बाजू वरपासून खालपर्यंत कोसळली. १६८ माणसं गेली. त्यांत १९ लहान मुलं होती, बहुतेक त्या पाळणाघरातली.

पहिले काही तास सगळ्यांनी परदेशी दहशतवाद्यांकडे बोट दाखवलं. पण हे काम निघालं घरच्याच माणसाचं. टिमोथी मॅकव्हे, वय २६, आखाती युद्धात लढून पदक मिळवलेला माजी सैनिक. त्याचं भांडण सरकारशी होतं. सरकार फार मोठं झालंय, फार माजलंय, आपल्या बंदुका काढून घ्यायला निघालंय, त्याच्याशी आता युद्धच केलं पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

श्रोतेहो, 'सरकार' या शब्दापाशी मी जरा थांबणार आहे. मी स्वतः तीस वर्षं महसूल खात्यात काढली. कारकून म्हणून लागलो, नायब तहसीलदार होऊन निवृत्त झालो. फेरफाराची नोंद अडली की समोरचा माणूस टेबलावर हात आपटून म्हणायचा, "हे सरकार झोपलंय!" त्या क्षणी सरकार म्हणजे मी. आणि तो गेल्यावर मी चहा पिताना शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हणायचो, "सरकारला काही कळतच नाही हो." तेव्हा सरकार म्हणजे मंत्रालय. मंत्रालयातले लोक कुणाकडे बोट दाखवत असतील देव जाणे! सरकारी नोकरीत असा माणूस मला भेटला नाही, की ज्यानं सरकार म्हणजे आपण असं कबूल केलं. हा शब्द फार सोयीचा आहे. त्याला चेहरा नाही, म्हणून त्याच्यावर कितीही राग काढता येतो.

मॅकव्हेच्या रागाला मुळीच आधार नव्हता असं मात्र नाही. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. १९९२ साली आयडाहो राज्यात रुबी रिज नावाच्या डोंगरावर रॅंडी वीव्हर नावाचा माणूस कुटुंबासह राहत होता. बंदुकीच्या खटल्यात तो कोर्टात हजर राहिला नाही म्हणून केंद्राचे लोक त्याला पकडायला गेले. गोळीबारात एक सरकारी अधिकारी मेला, वीव्हरचा १४ वर्षांचा मुलगा मेला आणि दारात उभी असलेली त्याची बायकोही मेली. पुढच्या वर्षी टेक्सासमध्ये वेको गावाजवळ एका धार्मिक पंथाच्या वस्तीला केंद्राच्या लोकांनी ५१ दिवस वेढा घातला. सुरुवातीच्या चकमकीत चार सरकारी अधिकारी मारले गेले होते. शेवटच्या दिवशी वस्तीला आग लागली आणि सत्तरहून जास्त माणसं मेली, त्यांत मुलंही होती. तो दिवस होता १९ एप्रिल १९९३. मॅकव्हेनं बॉम्बसाठी नेमकी तीच तारीख निवडली.

आता वीव्हरचं काय झालं ते ऐका. त्याच्यावर खून आणि इतर गुन्ह्यांचा खटला झाला. ज्यूरीनं त्याला खुनातून सोडलं, हजर न राहण्याबद्दल तेवढं दोषी धरलं. त्यानं आणि त्याच्या मुलींनी सरकारवर दावा लावला आणि ऑगस्ट १९९५ मध्ये सरकारनं त्यांना ३१ लाख डॉलर देऊन तो मिटवला. म्हणजे बॉम्बस्फोटानंतर अवघ्या चार महिन्यांनी. गेलेली बायको आणि मुलगा पैशानं परत येत नाहीत, हे मला कळतं. पण ज्याचं घर खरोखर उद्ध्वस्त झालं होतं तो कोर्टात गेला, आणि ज्याचं स्वतःचं काहीच गेलं नव्हतं त्यानं ट्रक भरला. टोकाचं राजकारण पुष्कळदा दुसऱ्याच्या दुःखावर उभं असतं, असं माझं मत झालं आहे.

मॅकव्हेनं हीच इमारत का निवडली? तर तिच्यात दारू, तंबाखू आणि बंदुका यांच्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचं एक कार्यालय होतं. वेकोला पहिला छापा घातला तो याच खात्यानं. प्रत्यक्षात त्या खात्याचा एकही कर्मचारी स्फोटात मेला नाही. गृहनिर्माण खात्याची ३५ माणसं गेली. पतपेढीतली १८ गेली.

त्याला पकडलं कसं, तेही मोठं गमतीचं आहे. अर्थात अशा प्रसंगी गमतीचं म्हणू नये. स्फोटानंतर दीड तासाच्या आत राज्याच्या हमरस्त्यावरच्या एका पोलिसानं त्याची मोटार अडवली. कारण काय, तर गाडीला मागे नंबरप्लेट नव्हती. तिकडे ढिगाऱ्याजवळ ट्रकचा ॲक्सल सापडला, त्याच्यावर नंबर होता, त्या नंबरावरून ट्रक भाड्यानं देणारं दुकान सापडलं आणि दुकानातल्या नोंदीवरून धागा पुढे गेला. गाडीला नंबर हवा आणि नोंद ठेवली पाहिजे, या ज्या बारीकसारीक नियमांना आपण सगळे वैतागतो, त्यांनीच त्याला धरला. २००१ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला.

पण मला बोलायचंय ते यानंतरच्या वर्षाबद्दल. सरकार किती मोठं असावं हा वाद अमेरिकेत फार जुना आहे आणि तो अगदी रास्त वाद आहे. १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा त्यांनी पक्षाच्या अधिवेशनात सांगून टाकलं, की स्वातंत्र्य राखण्यासाठी टोकाला जाणं हा काही दुर्गुण नव्हे. त्या एका वाक्यानं मतदार दचकले. पन्नासपैकी सहाच राज्यं त्यांना मिळाली. पण गोल्डवॉटर काही बंदूक घेऊन कचेरीवर गेले नाहीत. चार वर्षांनी पुन्हा सिनेटवर निवडून आले. १९८१ मध्ये रीगन म्हणाले, सध्याच्या संकटात सरकार हे आपल्या अडचणीवरचं उत्तर नाही, सरकार हीच अडचण आहे. यातलं 'सध्याच्या संकटात' लोक विसरले, बाकीचं पाठ झालं. रीगन यांच्या आठ वर्षांत सरकारी कर्ज जवळजवळ तिप्पट झालं, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडेही हा वाद झाला आहे. राजाजींनी १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढला तो परमिट-लायसन्सच्या राज्याविरुद्ध, आणि १९६७ मध्ये तो लोकसभेतला सगळ्यांत मोठा विरोधी पक्ष झाला. महाराष्ट्रात शरद जोशींनी शेतकऱ्यांना हेच सांगितलं, की सरकारनं तुमच्यासाठी काही करू नये, फक्त मधून बाजूला व्हावं. मी तेव्हा नोकरीत होतो. त्यांचे मोर्चे आमच्या कचेरीवर यायचे आणि आम्हाला राग यायचा. आज वाटतं, रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते लेव्ही, निर्यातबंदी, झोनबंदी अशी नेमकी नावं घेऊन भांडत होते. नेमकं नाव घेतलं की उत्तर देता येतं. कुठलं टेबल बंद करायचं आणि त्या टेबलावरचं काम मग कोण करणार, असा उलटा प्रश्नही विचारता येतो. 'सरकार नावाचा राक्षस' म्हटलं, की विचारायचं काय?

ओक्लाहोमाच्या स्फोटाच्या थोडंसं आधी अमेरिकेतल्या बंदूकधारकांच्या प्रबळ संघटनेनं, नॅशनल रायफल असोसिएशननं, वर्गणीसाठी एक पत्र पाठवलं होतं. त्यात केंद्राच्या अधिकाऱ्यांना बूट घातलेले सरकारी गुंड असं संबोधलं होतं. थोरले जॉर्ज बुश या संघटनेचे आजीव सभासद. म्हणजे काही डाव्या विचाराचे गृहस्थ नव्हेत, कर वाढवणार नाही असं वचन देऊन निवडून आलेले माजी अध्यक्ष. मे १९९५ मध्ये त्यांनी संघटनेला राजीनाम्याचं पत्र लिहिलं. त्यांच्या अंगरक्षकांच्या पथकात काम केलेला सीक्रेट सर्व्हिसचा एक अधिकारी त्या इमारतीत मारला गेला होता. बुश यांनी पत्रात त्याचं नाव घेतलं. तो काही गुंड नव्हता, हे ते सांगू शकले, कारण ते त्याला तोंडानं ओळखत होते.

त्याच वर्षाअखेरीस वॉशिंग्टनमध्ये काँग्रेस आणि अध्यक्ष क्लिंटन यांचं खर्चावरून जमेना. अंदाजपत्रक मंजूर नाही म्हणून सरकार चक्क बंद पडलं. नोव्हेंबरात पाच दिवस आणि मग डिसेंबर-जानेवारीत २१ दिवस. आपल्याकडे लेखानुदान असतं, त्यामुळे हा प्रकार आपल्याला समजायला जरा जड जातो. तिकडे मंजुरी संपली की कचेऱ्यांना कुलूप लागतं, लाखो लोक घरी बसतात. ज्यांचं काम अगदीच अत्यावश्यक ते कामावर येतात, पण पगार मंजुरी मिळाल्यावर.

२३ जानेवारी १९९६ रोजी क्लिंटन यांनी काँग्रेससमोर भाषण केलं. त्यातलं एक वाक्य गाजलं: मोठ्या सरकारचं युग आता संपलं. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षानं असं म्हणावं याचं सगळ्यांना नवल वाटलं. क्लिंटन यांनी ते बऱ्याच अंशी करूनही दाखवलं. त्यांच्या काळात केंद्राची तीन लाखांहून जास्त पदं कमी झाली. स्वेच्छेनं जाणाऱ्याला २५ हजार डॉलरपर्यंत रक्कम देण्याचा कायदा १९९४ मध्येच झाला होता. तेव्हा सरकार लहान करता येतच नाही असं कुणी म्हणू नये. वेळ लागतो, हिशेब करावा लागतो, माणसाला दाराशी सोडायला जावं लागतं.

२०२५ मध्ये हेच काम पुन्हा हाती घेतलं गेलं. यावेळी घाई फार होती आणि सरकारी नोकर म्हणजे आळशी किंवा कारस्थानी अशी भाषाही फार होती. वर्षभरात दोन लाखांहून जास्त माणसं केंद्राच्या नोकरीतून गेली, पण एकूण खर्च काही उतरला नाही. कारण सोपं आहे. त्या सरकारच्या शंभर डॉलर खर्चात नागरी नोकरांच्या पगारापोटी जेमतेम चार-पाच डॉलर जातात. बाकीचा पैसा जातो पेन्शनला, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याला, सैन्याला आणि कर्जाच्या व्याजाला. त्याला हात लावायचा तर मतदाराला नाही म्हणावं लागतं. कारकुनाला नाही म्हणणं त्यापेक्षा पुष्कळ सोपं.

याच वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटात केंद्राच्या साथरोग नियंत्रण संस्थेच्या मुख्यालयावर एकानं गोळ्यांचा भडिमार केला. लशीवर त्याचा राग होता. त्यात मेला तो एक पोलिस. २०१० मध्ये ऑस्टिन शहरात करखात्यावर चिडलेल्या एकानं आपलं छोटं विमान त्या खात्याच्या कचेरीवर घातलं. मेला तो व्हिएतनाममध्ये लढून आलेला एक अधिकारी. आणि हा रोग एकाच बाजूला आहे असंही नाही. २०१७ मध्ये वॉशिंग्टनजवळ बेसबॉलचा सराव करणाऱ्या रिपब्लिकन खासदारांवर गोळ्या झाडणारा माणूस डाव्या विचारांचा होता.

क्लिंटन यांच्या त्या भाषणाकडे परत येतो. वरच्या गॅलरीत त्यांच्या पत्नीबरोबर एक पाहुणा बसला होता. रिचर्ड डीन, वय ४९, व्हिएतनामचा माजी सैनिक, सोशल सिक्युरिटी खात्यात २२ वर्षं नोकरी. स्फोट झाला तेव्हा तो ओक्लाहोमाच्या त्या इमारतीतच होता. ढिगाऱ्यातून बाहेर पडल्यावर तो चार वेळा पुन्हा आत गेला आणि तीन बायकांचे जीव त्यानं वाचवले. क्लिंटन यांनी एवढं सांगितलं आणि दोन्ही पक्षांचे लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. टाळ्या थांबल्यावर क्लिंटन पुढे म्हणाले, की डीनची गोष्ट इथे संपत नाही. नोव्हेंबरात सरकार बंद पडलं तेव्हा त्याला कचेरीतून बाहेर काढण्यात आलं. दुसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा तो लोकांच्या पेन्शनची कामं करत होता, पण पगाराशिवाय.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते सरकार पुन्हा बंद पडलं, तब्बल ४३ दिवस, त्याआधीच्या सगळ्या वेळांपेक्षा जास्त. तेव्हाही म्हाताऱ्यांची पेन्शन ठरल्या तारखेला जमा होत होती. ती पाठवणारे कर्मचारी कामावर येत होते, आणि पगार त्यांना सरकार उघडल्यावर मिळाला.