शेवटचा निर्णयही आपलाच



मरणाचा विषय काढला की घरात "अभद्र बोलू नकोस" म्हणतात. माझी आई मात्र बोलायची. "माझ्यासाठी झाड जाळू नका, विजेवर न्या," असे तिने कितीदा तरी सांगितले होते. ती गेली तेव्हा काका-मामांनी लाकडेच रचली. तिचे म्हणणे आम्ही मुलींनी ऐकले होते; पण आम्हाला विचारतो कोण?

एका चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. विद्युतदाहिनीत ते वाचते. नागपुरात शेतातल्या काडीकचऱ्याच्या कांड्यांवरही दहन होते. देहदान केले तर लाकूड लागतच नाही, शिवाय उद्याचे डॉक्टर त्यावर शिकतात.

१८९० साली जोतीराव फुले गेले. आपल्याला मिठात पुरावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. नगरपालिकेने परवानगी दिली नाही. टिटवे कुणी धरायचे यावर वाद झाला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या. म्हणजे नुसते लिहून भागत नाही, वेळेला कुणीतरी उभे राहावे लागते.

म्हणून आपली इच्छा आजच लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. आणि तो कागद कपाटात ठेवू नका. मुलीच्या, सुनेच्या, मैत्रिणीच्या हातात द्या. तिला सांगा, "त्या दिवशी रडत बसू नकोस, पुढे हो."