वारा कळला, पाणी कळले नाही



८ नोव्हेंबर २०१३ रोजी पहाटे ‘हैयान’ हे महावादळ फिलिपिन्सच्या पूर्व किनाऱ्यावर धडकले. मायक्रोनेशियाजवळ जन्मून उष्ण सागरजलावर पोसलेल्या या वादळातील वारे ताशी ३१५ किलोमीटरपर्यंत पोचल्याचा अंदाज होता. इशारा आधीच मिळाला होता. वाऱ्याच्या भयाने अनेकांनी पक्क्या इमारतींत आसराही घेतला. घात केला तो पाण्याने. लेयतेचे आखात उथळ आणि आत निमुळते. वाऱ्याने लोटलेला समुद्र टॅक्लोबान शहरात पाच-सहा मीटर चढला. आसऱ्याच्या काही जागाही बुडाल्या.

इशाऱ्यातील शब्द इंग्रजी होते : ‘स्टॉर्म सर्ज’, म्हणजे वादळाने चढवलेले उधाण. वाराय भाषा बोलणाऱ्या तेथील कित्येकांना ते उमगलेच नाहीत. त्सुनामी म्हटले असते तर पळालो असतो, असे वाचलेल्यांपैकी अनेकांनी पुढे सांगितले. शास्त्रदृष्ट्या त्सुनामी निराळी, हे खरे. पण ‘समुद्र घरात शिरेल’ एवढे तीन शब्दही पुरेसे होते. अधिकृत मृत्युसंख्या ६,३०० झाली. वादळ पुढे व्हिएतनामकडे सरकून ओसरले.

सेबू प्रांतातील तुलांग दियोत या चिमुकल्या बेटावरील सुमारे हजार रहिवाशांना मात्र वादळापूर्वीच हलवले होते. तेथील घरे भुईसपाट झाली; माणूस एकही दगावला नाही.