कोयनेचं पाणी, पठारावरचा वारा

भांडवलशाही बरी की समाजवाद बरा, हा वाद आपण कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धांपासून निवडणुकीच्या सभांपर्यंत ऐकत आलो आहोत. आपल्या पाटण तालुक्यात हे दोन्ही विचार विजेच्या रूपानं उभे आहेत. खोऱ्यात सरकारचं कोयना धरण आहे आणि वर वनकुसवड्याच्या पठारावर खाजगी पवनचक्क्या आहेत.

जानेवारी १९५५ मध्ये आवडी इथल्या अधिवेशनात काँग्रेसनं समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. कोयना प्रकल्प त्याच काळातला. धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं बरंचसं सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरून पोफळीच्या बाजूला वीज करतं. सगळी वीजघरं मिळून स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट. खाजगी कंपनी नफ्याचा हिशेब मांडून एवढं मोठं काम उभं करती, असं मला वाटत नाही. या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, आणि याचं श्रेय सरकारी नियोजनाला मोकळ्या मनानं द्यायला हवं.

पण खोऱ्यातल्या माणसाचं काय झालं? राज्यात पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली. तोवर कोयनेची गावं पाण्याखाली जाऊन एक पिढी मोठी झाली होती. कुणी सोलापूरकडे गेलं, कुणी सांगलीकडे, कुणी रायगड-ठाण्याला. त्यांतल्या अनेकांच्या नातवंडांना जमिनीसाठी आजही मोर्चे काढावे लागतात. जे धरण जनतेच्या मालकीचं म्हणून बांधलं, त्यात ज्यांची घरं बुडाली त्यांची मालकी किती, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

मग खाजगी धरण असतं तर बरं झालं असतं का? मुळशीचं धरण टाटांचं होतं. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी तिथं सत्याग्रह केला. कंपनीसाठी जमीन ताब्यात घेतली ती ब्रिटिश सरकारनंच, भूसंपादनाचा कायदा लावून. बाजाराचा नियम खरोखर पाळला असता, तर शेतकऱ्याला 'मला विकायची नाही' असं म्हणता आलं असतं.

आता पठारावर चला. १९९१ नंतर खुल्या अर्थव्यवस्थेचे दिवस आले आणि दशकाच्या अखेरीस वनकुसवड्याला पवनचक्क्या उभ्या राहिल्या. भांडवल खाजगी, जोखीमही खाजगी, असं आपण समजतो. प्रत्यक्षात पवनचक्कीची जवळजवळ सगळी किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करायची सवलत केंद्र सरकारनं दिली होती. पुढं ती कमी झाली. वीज घ्यायची तीही सरकारी मंडळानं, ठरवून दिलेल्या दरानं. स्वच्छ विजेला असा आधार द्यायलाच हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वारा ज्या गावांवरून वाहतो, त्यांना जमिनीचे एकदाच मिळालेले पैसे आणि रखवालदाराच्या थोड्या नोकऱ्या यांपलीकडे फारसं काही आलं नाही. डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या श्रमिक मुक्ती दल या संघटनेनं वाऱ्यातल्या वाट्याचा प्रश्न उचलला, तो यामुळेच.

सरकारी आणि खाजगी यांखेरीज तिसरी, सहकाराची वाटही याच तालुक्यात आहे. मरळीला लोकनेते बाळासाहेब देसाई सहकारी साखर कारखाना आहे. तिथं ऊस घालणारा शेतकरी सभासद असतो, त्याचा भाग असतो, त्याला मत असतं. सहकारातही पुढारीपण शिरलं, थकबाक्या झाल्या, हे मी नाकारत नाही. तरी सभासद वार्षिक सभेत उभा राहून दराचा जाब मागू शकतो. धरणग्रस्ताला आणि पठारावरच्या गावकऱ्याला असा जाब मागायची जागाच नाही.

ती जागा देणं अवघड नाही. केंद्राच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात प्रकल्पाच्या परिसरातील विकासासाठी एक टक्का मोफत विजेची तरतूद आहे. कोयना त्याआधीची, म्हणून ती त्यातून सुटली. राज्य सरकारनं ठरवलं तर कोयनेच्या आणि पठारावरच्या प्रत्येक युनिटमागे ठरावीक पैसे विस्थापितांच्या वसाहतींना आणि पठारावरच्या ग्रामपंचायतींना देता येतील, आणि त्याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढं ठेवता येईल. विधानसभेत ही मागणी पाटणच्या आमदारांनी मांडावी, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत.