डाग आणि बधिरपण

साल १५३७. फ्रान्सची फौज इटलीत तुरीनकडे निघाली होती आणि त्या फौजेतला आंब्रवाझ पारे हा तरुण शल्यवैद्य पहिल्यांदाच लढाई पाहत होता. बंदुकीच्या जखमेत दारूचं विष भिनतं, ही तेव्हाची पक्की समजूत. त्यावर उपाय म्हणजे जखमेत उकळतं तेल. पारेही ते ओतत होता. एकदा तेल संपलं. मग उरलेल्या सैनिकांच्या जखमांवर त्यानं अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. रात्रभर त्याला झोप लागेना. न डागलेली ही माणसं विषानं मरतील, या धास्तीनं तो पहाटेच उठला. लेप लावलेल्यांना बऱ्यापैकी झोप लागली होती. तेल ओतलेले मात्र तापानं फणफणले होते, जखमा सुजल्या होत्या. पुन्हा कुणाला असं भाजायचं नाही, हे त्यानं तेव्हाच ठरवलं. त्याच्या जिवाची ती तगमग रोग्यांच्या कामी आली.

पुढे १५५२ मध्ये पाय कापल्यावर तापल्या लोखंडानं डागण्याऐवजी त्यानं रक्तवाहिन्या दोऱ्यानं बांधल्या.

डाग देण्यामागं कारण होतंच. उष्णतेनं प्रथिनं गोठतात, रक्तवाहिनीचं तोंड मिटतं, रक्त थांबतं. सुश्रुतानं अग्निकर्मावर, म्हणजे डाग देण्यावर, स्वतंत्र अध्याय लिहिला. पण बालक, वृद्ध, दुर्बल आणि भित्रा माणूस यांना डागू नये, असंही बजावलं. मेळघाटात तान्ह्या बाळांच्या पोटावर चटके दिल्याच्या बातम्या वाचताना हे आठवतं आणि जीव कळवळतो.

आजची कॉटरी, म्हणजे विजेनं डाग देण्याची पद्धत, रूढ झाली ती १९२६ नंतर. त्या वर्षी बॉस्टनमध्ये शल्यवैद्य हार्वी कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांचं यंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरलं. आता डाग बसतो तो हव्या तेवढ्याच जागी.

खोल भाजलेली जागा दुखत नाही, कारण तिथले मज्जातंतूच जळालेले असतात. मनाचंही असं होतं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन १९६२ मध्ये हिरोशिमात अणुबाँबमधून वाचलेल्यांना भेटले. प्रेतांमधून वाट काढताना थोड्या वेळानं काहीच वाटेनासं झालं, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या बधिरपणानंच अणुबाँब पडला त्या दिवशी माणसं तगली. सगळं दुःख एकदम अंगावर आलं असतं, तर पाऊल उचललं नसतं. कित्येकांच्या मनातून मात्र हे बधिरपण पुढेही गेलं नाही. लिफ्टन स्वतः पहिल्या मुलाखतींनी हादरले होते. काही दिवसांतच तीच वर्णनं ऐकताना त्यांना तेवढा धक्का बसेनासा झाला. आपलंही मन मिटू लागलंय, हे त्यांनी ओळखलं आणि १९६७ च्या ‘डेथ इन लाइफ’मध्ये ते लिहिलं. त्या ग्रंथातलं सर्वांत धाडसाचं लेखन हेच असावं.